चुकली? अभिनंदन

धायरीच्या बसथांब्यावर एक आजोबा रोज दिसतात. नव्वदीला टेकलेले, इस्त्रीचा सदरा, खिशात आवळासुपारीची डबी. बसमागे धावून कुणी धापा टाकत परतलं, की हसून म्हणतात, "चुकली? अभिनंदन." आणि डबी पुढे करतात.

काल माझी चुकली. "अहो, अभिनंदन कसलं त्यात?" मी वैतागून विचारलं.

"महायुद्ध चालू होतं. आफ्रिकेला निघायच्या दिवशीच मला गोवर निघाला, म्हणून मला आत्याकडे ठेवून आईवडील आणि ताई बोटीत बसले. वाटेत शत्रूने बोट बुडवली."

त्यांनी माझ्या हातावर आवळासुपारी ठेवली.

"बोट चुकली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं," ते हसले. "आत्या म्हणाली, रडू नकोस, पुढची मिळेल."