आखाजीच्या आधी की नंतर?

मागच्या महिन्यात वहिनी आणि त्यांची सून अश्विनी, दोघींना घेऊन म्हसावदहून शहाद्याला गेलो. पुतण्या नोकरीला सुरतला, म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा मान चुलत सासऱ्याला... म्हणजे मला.

आत पडद्याच्या अलीकडे मी स्टुलावर. डॉक्टरबाईंनी शेवटची पाळी विचारली. अश्विनीने पदर पुढे ओढला आणि उत्तर वहिनींनी दिलं, "आखाजीना पहिले. मन्हा ध्यानमा शे ना!" आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

डॉक्टरबाईंनी मापं पुन्हा पुन्हा घेतली. मग म्हणाल्या, "या हिशेबाने चौदा आठवडे होतात. बाळ लहान दिसतंय... आणि आतडी अजून नाळेत आहेत. एव्हाना ती पोटात जायला हवी होती."

वहिनी गप्प झाल्या. आमच्याकडे हे ग्रहणापेक्षा दुर्मीळ... मी पाठ असलेली स्तोत्रं मनात म्हणायला घेतली. घाबरल्यामुळे दोन एकमेकांत मिसळली. देवाने समजून घेतलं असावं.

"काका, जरा बाहेर बसता?" डॉक्टरबाई म्हणाल्या. बसलो.

थोड्या वेळाने आत बोलावलं, तर वहिनी माझ्यावरच घसरल्या. "भाऊ, हाई तुम्हनामुळे! तुम्ही बठेल व्हतात म्हनीसन पोर बोलनीच नई. आखाजीले माहेरले गयी व्हती ना, तठे परत पाळी उनी व्हती!"

म्हणजे माहेरी पाळी पुन्हा आली होती, आणि बाळ दहाच आठवड्यांचं. मग सगळं यथासांगच की... या वयात पोटात पुरेशी जागाच नसते, म्हणून आतडी नाळेत वाढतात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास आपली आपण आत जातात. "तरी खात्रीसाठी पुन्हा या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ते मधले दिवस सरता सरेनात. वहिनी रोज विचारायच्या, "आतडा मझार गयात व्हतीन का हो?" जणू ती मला कळवून आत जाणार होती...

परवा पुन्हा गेलो. या वेळी मी न सांगताच बाहेरच्या बाकावर. दार उघडलं ते अश्विनीने. पदराचं भान नाही, डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. "नाना, गयात मझार! बाळनं जठरबी दिखनं... टिकलीएवढं!"

लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी एका दमात एवढं कधी बोलली नव्हती.

सुना आपल्यासमोर गप्प राहतात, त्याला आम्ही मान म्हणतो. त्या बाकावर बसून जो मिळाला, तो मला जास्त मोठा वाटला...