तात्यांचा कोयता आणि गुलाबी थेंब

कोल्हापूरला मी फक्त खायला जातो, हे घरच्यांना पाठ आहे. या वेळी बहीण मेधा म्हणाली, "चल, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी दाखवते." ती पिकांच्या रोगांवर काम करते. जयसिंगपूरजवळ तात्या म्हणून एका शेतकऱ्याच्या शेतात खायच्या जुन्या, मऊ उसाची दोनच बेटं उरली होती. निरोगी निघाली तर त्यांची रोपं वाढवायची, नाहीतर उपटून जाळायची. रोग असा, की ऊस बाहेरून धडधाकटच दिसतो.

शिवाजी पेठेत मिसळ हाणून एसटीनं जयसिंगपूर गाठलं. पुढे शेतापर्यंत रिक्षा. जायचं तर थंडीत जा, पावसाळ्यात रस्त्याचा नुसता चिखल होतो.

"पावणं, आधी ऊस खावा, मग तुमचं मशीन!" तात्यांनी शेजारच्या सरीतला कारखान्याचा ऊस तोडून दिला. आम्ही जबडे दुखेपर्यंत खाल्ला. मग मेधानं पिशवीतून पातं काढेपर्यंत त्यांनी उत्साहानं जुन्या बेटातलं एक कांडं कोयत्यानं सपकन तोडलंसुद्धा.

मेधानं त्याच्या रसाचा थेंब गुलाबी पाण्याच्या नळीत घातला आणि नळी डब्याएवढ्या यंत्रात गरम करत ठेवली. रोगाच्या जीवाणूचा डीएनए असेल तर रंग पिवळा, नसेल तर गुलाबीच. शेजारी नुसत्या पाण्याची नळी, पडताळ्याला.

अर्ध्या तासानं पाणी गुलाबीच होतं. उसाची नळी पिवळी!

तात्या बांधावर मटकन बसले. "बानं लावल्याला ऊस हाय वो ह्यो."

मेधाची नजर कोयत्यावर गेली. "तात्या, मघाचा ऊस ह्याच कोयत्यानं तोडलात?"

"व्हय की."

तिनं कारखान्याचा ऊस तपासला. पिवळा. मग दर वेळी नवं पातं घेऊन दोन्ही बेटांतले दुसरे ऊस कापले. दोन्ही गुलाबी! कोयत्याला चिकटलेली रसाची जराशी ओल, आणि त्या नळीनं तीही पकडली. मी तोंडात बोट घातलं.

पण मेधा हसली नाही. "ज्या बेटाला कोयता लागला, त्यात आता रोग शिरला असणार. ते ठेवता येणार नाही."

"पावण्याला ऊस दिला, त्यात काय चुकलं माझं?"

"देण्यात नाही चुकलं, तात्या."

तात्या उठले. पहार आणून त्यांनी स्वतःच ते बेट उपटलं. दुसरं उभं राहिलं.

आता घरी मी त्या नळ्यांचे फोटो दाखवतो, तर लोक 'छान' म्हणून पुढे सरकतात. मला मात्र निघतानाचे तात्या आठवतात. वाटेसाठी कारखान्याचा ऊस तोडून देण्याआधी ते कोयता जाळावर धरून उभे होते.

"तात्या, या रोगट उसाला याची गरज नाही," मेधा म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या, ताई. हाताला सवय लागू दे."