नायिकेचा बाप
कापडाच्या दुकानात दिवसभर मीटरने कापड मोजून देणारा हा माणूस गेली अकरा वर्षं एकाच नाटकात नायिकेच्या बापाचं काम करत होता. काम म्हणजे जेमतेम दोन प्रवेश. पण दुसऱ्या प्रवेशात, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या नायिकेला तो म्हणायचा, "परत जा, पोरी. त्या घराला तुझी सवय होऊ दे," आणि टाळी पडायची. न चुकता. नायिका तीनदा बदलली, बाप मात्र हाच. मंडळीतले सगळे त्याला बाबाच म्हणत आणि स्वारीला ते भारी आवडायचं.

एका रविवारी दुपारच्या प्रयोगाच्या घाईत तो कोटाला इस्त्री करत होता, तेवढ्यात त्याची खरीखुरी मुलगी दारात येऊन उभी राहिली. लग्नाला दोन वर्षं झालेली. हातात बॅग.

"बाबा, मी आता तिकडे जाणार नाही."

त्याने इस्त्री बाजूला ठेवली, खिडकीकडे तोंड केलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "परत जा, पोरी. त्या घराला तुझी सवय होऊ दे."

तोंडातून निघून गेलं. अकरा वर्षं वळण लागलेली जीभ, तिला कोण आवरणार? पण शाळेत असताना नाटकाची वही हातात धरून त्याचं पाठांतर याच मुलीने घेतलेलं. तिने वाक्य लगेच ओळखलं.

"छान म्हणालात," ती म्हणाली. "यानंतर मी निघून जाते ना?"

आणि ती खरंच गेली. मैत्रिणीच्या खोलीवर आहे, एवढं तिने आईला फोन करून कळवलं.

प्रयोगात टाळी पडली. या वेळी ती त्याला नकोशी झाली. रंग पुसता पुसता त्याने नायिकेला सगळं सांगून टाकलं. ती त्याच्या मुलीच्याच वयाची आणि चांगली फटकळ.

"चुकलंच तुमचं," ती म्हणाली. "पण बाबा, ते वाक्य म्हणताना तुम्ही कधी माझ्याकडे बघता का?"

"प्रेक्षकांना चेहरा दिसायला नको?"

"त्यांना दिसतो. मी तुमच्या पाठीकडे बघून रडते. आणि खरं सांगू, या नाटकात मला कुणी काही विचारतच नाही. आई चहा देते, भाऊ बॅग आत ठेवतो, शेजारीण सल्ला देते. सगळे माझ्यावर जीव टाकतात, पण काय झालं, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही."

त्याला राग आला. आधी लेखकाचा, मग स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून तो सकाळीच मैत्रिणीच्या खोलीवर गेला. जिना चढताना त्याने बोलायचं सगळं मनाशी जुळवलं होतं, पण मुलीने दार उघडलं आणि त्यातलं काही आठवेना. ती पार वाळली होती. गालाची हाडं वर आली होती. हे काही एका रात्रीतलं नव्हतं. कित्येक महिने चाललेलं असणार, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"आज कुठला प्रवेश?" तिने विचारलं.

बोलणं लागलं, पण त्याने नजर हलवली नाही. "काय झालं गं?"

ती दारातून बाजूला झाली.

"आत या," ती म्हणाली. "आणि मध्येच उठून जाऊ नका, बाबा. मी पहिल्यापासून सांगणार आहे."