खंडेनवमीला टेबल कुणाचं?

खंडेनवमीच्या सकाळी कालिंदी पैठणकरनं गारखेड्यातल्या घरी पूजा अक्षरशः उरकली. आपल्या जुन्या ड्रॉइंग टेबलाला हळदकुंकू लावलं, त्यावर स्केल आणि कंपास मांडले, झेंडूचं फूल वाहिलं आणि पर्स उचलली. तेवढ्यात नवऱ्यानं, मधुसूदननं, चहाचा कप आणून नेमका त्याच टेबलावर टेकवला.

"माझ्या टेबलावर नको म्हणून किती वेळा सांगू!" ती कडाडली.

बिचारा कप घेऊन मागं सरकला. त्याला माहीत होतं, आज बाईसाहेबांचा जीव वाळूजमध्ये टांगलेला आहे.

टांगलेला असणारच! शिकली होती इंटिरियर, पण इतकी वर्षं केलं काय, तर लोकांच्या स्वयंपाकघरांत ट्रॉल्या बसवल्या. तेलाची बाटली कुठं मावेल, डब्यांचा कप्पा केवढा ठेवू, यातच केस पिकायला लागले. आणि मग अचानक इंद्रजीत सांडू भेटला. शेतकऱ्याचा पोरगा, वाळूजला गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना काढून बसलेला. माणसं वाढली आणि त्याचं ऑफिस अपुरं पडायला लागलं. तो म्हणाला, "कालिंदीताई, पुण्या-मुंबईसारखं करून द्या."

"पुण्या-मुंबईसारखं कशाला? वाळूजसारखं करते," कालिंदी म्हणाली.

आणि केलंही हो! आधी कितीतरी दिवस कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसती बघत बसली. खरेदीवाले अर्धा दिवस शॉपमध्ये, मशिनांपाशीच असतात. विक्रीवाले गावोगाव, त्यांची टेबलं धूळ खात पडलेली. हिशेबवाल्यांना शांतता हवी, तर शेजारचा फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावानं बोंबलतोय. मग तिनं हिशेबाला शांत खोली काढली, फोनला वेगळी खोली, नकाशे पसरायला लांबलचक टेबल. शॉपच्या दाराशी बाकडी, म्हणजे तेलकट हातांनी येणाऱ्याला अवघडायला नको. पश्चिमेला विटांची जाळी आणि वाळ्याचे पडदे, त्यामुळे एसी दुपारपुरताच लागणार. टेबलं तर कारखान्यातल्याच पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडाची, खाली चाकं. आज इथं, उद्या तिथं. कुणाचं टेबल कायमचं ठरलेलं नाही. प्रत्येकाला एक लॉकर. संध्याकाळी टेबल स्वच्छ करून जायचं.

जुनी सागवानी टेबलं मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. "डागाळलीयेत, भंगारात काढा," असं कालिंदीच म्हणाली होती.

इंद्रजीतला सगळं पसंत होतं, पण माणसं कुरकुरत होती. त्यानं स्पष्टच सांगितलं, "ताई, खंडेनवमीला पूजा करून सगळे नव्या ऑफिसात बसणार. बसले तर बसले. नाही बसले, तर जुनी टेबलं परत आत. मला माझ्या माणसांशी भांडण नको." जुनी टेबलं आत गेली, की वाळूजभर बोभाटा व्हायला कितीसा वेळ? मग आहेतच तेलाच्या बाटल्या.

कालिंदी पोचली तेव्हा शॉपमधली पूजा झाली होती. ज्यानं त्यानं आपापल्या मशिनला हार घातला होता. आता ऑफिसची पाळी. माणसं हातात ताटं घेऊन आत आली आणि उभीच राहिली. ताटातला कापूर तसाच. कुणी पुढं होईना.

डिस्पॅचची सोनिया शेवटी म्हणाली, "मॅडम, माझं टेबल कुठलं?"

"कुठलंही घे ना. सगळी तुझीच आहेत."

"सगळी माझी म्हंजे एकबी नाय की!"

तोवर हिशेब बघणारे बद्रीनाथमामा वळले होते. कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस. ते ताट सांभाळत मागच्या दारानं बाहेर पडले. त्यांच्यामागं सोनिया, तिच्यामागं बाकीचे. बघता बघता ऑफिस रिकामं!

जाळीतून कालिंदीला सगळं दिसत होतं. ताडपत्री ओढली गेली. जो तो आपलं टेबल शोधून हातानंच धूळ पुसायला लागला.

"बघितलंत?" इंद्रजीतचा चेहरा लालबुंद झाला होता. "सणाच्या दिवशी माझी माणसं भंगारात जाऊन पूजा करतायत! बोलवा फिटरला. हे सगळं आत्ताच्या आत्ता खोला!"

फिटर आला, पण दारातच थबकला. "साहेब, नटबोल्टाचे पाने पूजेत ठिवलेत. आज नाय हात लावत."

"मग उद्या सकाळी! एक चाक दिसता कामा नये मला इथं."

कालिंदीच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं जीव तोडून केलं आणि या लोकांना त्याचं काहीच नाही? तरातरा ती शेडकडे निघाली. चांगलं सुनवायचंच होतं तिला.

बद्रीनाथमामांनी टेबलाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं होतं. तिथं आधीपासूनच लाल-काळपट थर होता, वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा. हेच ते डाग. मामांनी कॅल्क्युलेटर मांडला, शेजारी पेन, वर झेंडूचं फूल. कालिंदीचे पाय जागच्या जागी थांबले. सकाळी तिनंही हेच केलं होतं. वर नवऱ्याला कपसुद्धा टेकवू दिला नव्हता! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मामा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी घरी माझ्या टेबलाची पूजा करून आले आणि तुमचं मात्र भंगारात काढलं."

मामा काही विरघळले नाहीत. "मंग आता?"

"खोल्या आहेत तशा राहू द्या. शांत खोलीत तुमचं डोकं दुखत नाही, हे खरं ना?"

"त्ये खरंय," मामा नाइलाजानं म्हणाले.

"मग तुम्ही तिथं बसा, पण तुमच्याच टेबलाशी. यांनाच चाकं लावते. तुम्ही जिथं जाल तिथं तुमचं टेबल. नवी टेबलं फिरतीवरच्या लोकांना आणि कॅन्टीनला पुरतील."

मागं इंद्रजीत येऊन उभा होता. "एवढी जड टेबलं पेलतील चाकांवर?"

खरंच, पेलतील? कालिंदीलाही ठाऊक नव्हतं. तिनं पर्समधून टेप काढली आणि टेबलाच्या पायाची जाडी मोजायला वाकली.

"थांबा!" मामांनी तिचा हात अडवला. "आज हत्यार चालवायचं नसतंय. घरी पूजा केली म्हणता आन् ही पर्समध्येच?"

कालिंदी ओशाळली. घाईत टेप पूजेला मांडायची राहूनच गेली होती. मामांनी ती तिच्या हातून घेतली, सदऱ्याला पुसली आणि कॅल्क्युलेटरशेजारी आपल्या टेबलावर ठेवली. कुंकवाचं बोट लावलं. सोनियानं तिच्या ताटातलं फूल त्यावर वाहिलं.

"उद्या सोनं द्यायला या, मॅडम," मामा म्हणाले. "तवा न्या. तवर ऱ्हाऊ द्या माझ्या टेबलावर."

इंद्रजीतनं त्या टेपकडे बघितलं. मग त्यानं फिटरला हाक मारली. "उद्या पाने घेऊन ये. काय खोलायचं, काय जोडायचं, ते ताई सांगतील."