तळ्याकाठच्या शेंगापोळ्या

निपाणीकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी बेळगावात आले, त्याला दोन वर्षं झाली होती. तंबाखूच्या कामासाठी माझे वडील, आप्पा, बेळगावला आले की माझ्या उंबऱ्याशी उभ्या उभ्या तब्येत विचारत आणि मुक्कामाला जैन बस्तीत, म्हणजे देवळात, जात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. माहेरी आप्पांना वाढल्याशिवाय मी कधी जेवले नव्हते, आणि इथे ते घोटभर पाणीही न पिता परत जात. मला त्या रिवाजाचा भयंकर राग यायचा.

म्हणून एका श्रावणात मी डोकं लढवलं. शेंगापोळ्या केल्या, डबा पदराखाली घेतला आणि आप्पांना म्हटलं, "चला, तुम्हाला किल्ल्याजवळचं तळं दाखवते." तळ्याचा काठ म्हणजे काही माझं घर नव्हे. तिथे कुठला रिवाज आडवा येणार?

आडवे आले ते लष्कराच्या छावणीतले रस्ते. एरवी यजमानांच्या मागून चालणारी मी त्या दिवशी पुढे होते. सगळे रस्ते सारखेच सरळ, बंगले सारखे, फाटकंही सारखी. उजवीकडे वळलं की तळं, हे मला पक्कं ठाऊक होतं. वळलो तर मैदान. पुन्हा वळलो तर तेच मैदान. मग किल्ल्याचा खंदक लागला. त्याच्या कडेकडेने चालत राहिलो आणि निघालो होतो तिथेच परत आलो.

"आक्का, तुज्या गावात तुलाच वाट ठावं न्हाय व्हय गं?" आप्पा हसत म्हणाले.

मला हसू येईना. आभाळ भरलेलं, दिवस किती उरलाय ते कळत नव्हतं, आणि दिवस बुडाल्यावर आप्पा तोंडात काही घालत नसत.

एकदाचं तळं सापडलं. मी घाईघाईने डबा उघडला.

"पीठ कुणाच्या घरचं?" त्यांनी विचारलं.

"खायचं तर तळ्यावरच ना, आप्पा."

ते गोंधळले. हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा धुतले. तेवढ्यात पलीकडे गोऱ्यांच्या पलटणीचा बिगूल वाजला, रोज दिवस बुडताना वाजतो तसा.

"दिवस बुडाला गं," म्हणत आप्पांनी हात जोडले.

आणि ढग बाजूला झाले. पाण्यावर ऊन पडलं. दिवस अजून चांगला हातभर वर होता. बिगूल कशाचा वाजला कुणास ठाऊक, पण जोडलेले हात आप्पांनी सोडले नाहीत. जन्मभर उन्हाकडे बघून वेळ सांगणारा माणूस बिगुलाला कसा फसला? की त्यांना फसायचंच होतं? मला काही कळेना. डबा बंद करताना रडू आलं.

"आण हिकडं," म्हणून आप्पांनी डबा आपल्या पिशवीत टाकला. सकाळच्या मोटारीने ते गेले. पंधरा दिवसांनी गावच्या कुणाबरोबर तरी डबा परत आला, घासून लख्ख केलेला. पोळ्या खाल्ल्या की वाटून टाकल्या, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

पुढच्या वर्षी माहेरी मला मुलगी झाली. तिला घेऊन बेळगावला परतले, तेव्हा पोचवायला आप्पा आले. उंबरा ओलांडून आत आले, पाटावर बसले. मी शेंगापोळ्याच वाढल्या. दोन घास खाऊन ते थांबले.

"बऱ्या झाल्यात," ते हळूच म्हणाले. "पर त्या बारीच्या लई ग्वाड हुत्या. मोटारीत बसून येकट्यानं सगळ्या खाल्ल्या."