श्वासरोखे आणि अर्धा सेकंद

श्वासरोखे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढता काढता ‘श्वास रोखा, हलू नका, सोडा’ हे तीन हुकूम जिभेवर असे घर करून बसले, की गृहस्थ निवृत्त झाले तरी हुकूम काही निवृत्त होईनात. घरचे अल्बम उघडून बघा. सहल असो की वाढदिवस, सगळी मंडळी गाल फुगवून, डोळे वटारून उभी. अख्ख्या खानदानाला एकदम उचकी लागावी आणि ती दाबायचा प्रयत्न चालावा, तसं.

अपवाद एकच. बायको. तिच्या प्रत्येक फोटोत तोंडावर हात. पुढच्या दोन दातांत चांगली रुंद फट. लहानपणी कोणीतरी चिडवलं, तेव्हापासून हसू फुटलं रे फुटलं की हात वर. श्वासरोखेंचं बोट बटणावर पडेपर्यंत दार बंद! आणि गंमत अशी, की हा माणूस त्या फटीवरच भाळला होता. पहिल्या भेटीत चहाच्या कपाआडून ती दिसली आणि गडी तिथेच गारद झाला, असं मेहुणी सांगते. मेहुणीचं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण हे उरलेल्या निम्म्यातलं.

तर झालं काय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पुढचे चार दात काढायचे. गुरुवारी, चार वाजता. श्वासरोखेंनी दातांचा एक्स-रे स्वतः खिडकीशी धरून पाहिला. हाड झिजलेलं. दुसऱ्या कोणाशी वाद घातला असता. एक्स-रेशी कसा घालणार? लग्नाला सदतीस वर्षं झाली आणि त्या हसण्याचा एकही फोटो नाही. हातात दिवस उरले तीन.

मुलीने पाठवलेला कॅमेरा कपाटात खोक्यातच होता. “धूळ बसेल” म्हणून वर टॉवेल. त्यांनी तो काढला, भिंग घेतलं आणि माहितीपुस्तक वाचायला बसले. बुधवारी सकाळी घरात एकदम आरोळी.

“अहो, काय भाजलं का?” बायको धावत आली.

“हा कॅमेरा दाबायच्या आधीचा फोटो काढतो!”

“तुम्ही आधी चहा घ्या बघू.”

पण खरंच होतं. रॉ बर्स्ट नावाची सोय होती. रॉ म्हणजे कच्चा फोटो, हे श्वासरोखेंना सांगावं लागलं नाही; न धुतलेली फिल्मच ती, सगळा उजेड आत साठलेला, नंतर हवा तसा खुलवायचा. बर्स्ट म्हणजे एका सेकंदात असे तीस. आणि त्याच पानावर खाली बारीक अक्षरात: बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा गुपचूप टिपत राहतो, आणि पूर्ण दाबलं की मागचा अर्धा सेकंदही पदरात टाकतो. मेनूतल्या लाल पानावर जाऊन त्यांनी रॉ बर्स्ट चालू केलं. खालची ‘पूर्व-चित्रण’ची ओळ मात्र चालू करायची राहिली, म्हणून नळाखाली बादली ठेवून थेंबांवर केलेली पहिली चाचणी फुकट. दुसऱ्या खेपेला थेंब बादलीत पडल्यावर बटण दाबलं, आणि पडद्यावर थेंब अजून नळालाच लोंबत होता! श्वासरोखेंनी बादलीभोवती अशी काही गिरकी घेतली की बादलीच लवंडली.

“भावोजींना लॉटरी लागली की काय?” दारातून मेहुणी. “एवढा नाच?”

तिला सगळा बेत सांगितला. हसवायचं काम तिचं. ताईला हसवण्यात तिचा हात कोण धरणार?

गुरुवार, सकाळचे अकरा. बायको खिडकीशी शेंगा सोलत बसलेली, उजेड बेताचा. श्वासरोखेंनी बटण अर्धं दाबलं. मेहुणीने शेजारच्या शिंप्याच्या चालण्याची नक्कल केली. बायकोचे ओठ हलले, गाल वर गेले, आणि यांच्या तोंडून सुटलंच, “श्वास रोखा!”

बायको पुतळा.

“भावोजी, ताईचा फोटो काढताय की फुप्फुस?”

दुसऱ्यांदा “हलू नका.” तिसऱ्यांदा पुन्हा “श्वास...” दर खेपेला पुतळ्याचे तीस-चाळीस फोटो, आणि ते कार्डावर उतरेपर्यंत कॅमेरा अडलेला. बारा वाजले. बायको उठायला लागली. “पुरे आता. दात काढून आले की काढा फोटो, छान दिसेन.”

“नाही!” श्वासरोखे असे ओरडले की दोघी बहिणी दचकल्या. मग हळूच म्हणाले, “एकदाच. बस ना.”

त्यांनी तांब्या उचलला, तोंडात मावेल तेवढं पाणी भरलं आणि ओठ घट्ट मिटून बटण पुन्हा अर्धं दाबलं. आता बोलून दाखव म्हणावं जिभेला! कॅमेऱ्यामागे गाल टम्म, डोळे बाहेर, चेहरा लालबुंद.

मेहुणीने एकदा बघितलं आणि ती नक्कलबिक्कल विसरली. “अगं ताई, बघ! आपला अल्बम!”

बायकोने मान वर केली आणि ती हसली. पोटातून, मान मागे टाकून. यांच्या तोंडून पाण्याचा फवारा उडाला, बोट पडलं, तोवर तिचा हात तोंडावर!

“गेलं,” मेहुणी हळहळली.

श्वासरोखे हनुवटी पुसत एकेक फोटो मागे सरकवू लागले. हात तोंडावर. हात हनुवटीशी. हात मांडीवरून नुकता उचललेला. आणि मग सगळं उघडं: फट, हिरडी, डोळ्यांच्या कडांना पाणी, उडालेलं एक टरफलसुद्धा. असे आठ फोटो!

“सापडलं! सापडलं!” म्हणून ते घरभर फिरले.

बायको मात्र कॅमेरा घेऊन बसली. एक फोटो पुढे, दोन मागे. “ही मी?” मग त्या फटीवर बोट ठेवून, “आणि ही एवढी आवडते, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.”

“फोटोत दाखवायचं होतं.”

“सदतीस वर्षं?”

“बोट उशिरा पडायचं.”

चार वाजता डॉक्टरीणबाईंनी नव्या दातांचे नमुने पुढे ठेवले. सरळ, एकसारखे, मोत्यांसारखे. बायकोने पिशवीतून कॅमेरा काढला.

“असे बसवा.”

“पण यात फट आहे.”

“तीच तर बसवायचीय,” ती म्हणाली आणि हसली. हात पिशवीवरच राहिला. शेजारी उभ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही श्वास सोडा आता.”