लसणाचं तेल आणि खाला

बेगम बाजारात कुठं तेलात लसूण तडतडला की माझे हात गार पडतात.

गाव सोडून इथं आलो त्याच वर्षी, एका सकाळी चहा पिताना ह्यांच्या हातातला कप सुटला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. अंगावरून वारं गेलं, एवढं मला कळलं. आमच्या गावी वारं गेलं की लसणाचं तेल चोळून पांघरुणात निजवतात. मी सातवीत शाळा सोडलेली. तेच करायला बसले.

वासानं शेजारची खाला धावत आली. "अगे, तेल नक्को! मेरे मियाँ कू भी हम मालिशच करते बैठे थे. दवाखाना चल, अब्बीच!"

साधं तेलही लावू देत नाही, म्हणून मला तिचा रागच आला.

दवाखान्यात पहिला प्रश्न, "कधीपासून?" तासही झाला नव्हता. मेंदूचा फोटो काढून त्यांनी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. उशीर झाला असता तर ते देताच आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. खालाच्या मियाँना ती वेळ मिळाली नव्हती, हे मला तेव्हा उमगलं.

अजून रोज उठल्याबरोबर मी ह्यांना दोन्ही हात वर करायला लावते, एखादा खाली घसरतो का ते बघायला.

"पोलिसात लागलीस का?" ते चिडतात.

चिडू देत. शब्द तर स्वच्छ येतात.